सोमल, हरताळ, मनःशिला आणि कर्करोगाचा धोका : पेशीपासून रुग्णपत्रिकेपर्यंत

सोमल, हरताळ आणि मनःशिला ही तीन द्रव्ये रसशास्त्राच्या पाठांतून आपल्या हाती आली आहेत. श्वासकुठार, समीरपन्नग, रसमाणिक्य, मल्लसिंदूर हे कल्प आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असतात आणि योग्य रुग्णात त्यांचा गुण आपण पाहिलेला असतो. या तिन्हींचा मूळ घटक एकच, आर्सेनिक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा घटक मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलेला आहे. या दोन विधानांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. तो टीकाकारांनी विचारण्याआधी चिकित्सकांनी आणि रसशाळाचालकांनी स्वतःस विचारावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पाण्यातील की औषधातील?

आर्सेनिक म्हटले की भूजलाचा विषय प्रथम निघतो. पश्चिम बंगालमध्ये 1983 च्या सुमारास कूपनलिकांच्या पाण्यामुळे झालेल्या त्वचाविकारांचे रुग्ण ओळखले गेले. पुढे बांगलादेश, बिहार, उत्तर प्रदेश येथेही तेच आढळले. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरातील कौडीकसा व आसपासच्या गावांतील आर्सेनिकबाधेचा अहवाल 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कारण गाळाचे नसून जुन्या आग्नेय खडकांचे होते.

मराठवाड्याची भूमी निराळी आहे. लातूर जिल्हा जवळजवळ संपूर्ण बेसाल्टच्या काळ्या पाषाणावर आहे. नांदेडच्या पूर्वेकडील काही भागात ग्रॅनाइट लागतो. गंगेच्या खोऱ्यासारखी व्यापक आर्सेनिकबाधा येथे नोंदली गेलेली नाही. किनवट परिसरात प्रश्न आहे तो फ्लोराइडचा. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा टंचाईच्या वर्षांत बोअर अधिकाधिक खोल जातात. म्हणून नव्या खोल बोअरचे पाणी तपासून घेणे शहाणपणाचेच. तथापि आमच्या मते नांदेड-लातूरच्या वैद्यासमोर आर्सेनिकचा प्रश्न येईल तो विहिरीतून कमी आणि खलबत्त्यातून अधिक. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व शासकीय रसशाळा आहे. रसकल्पांची ओळख या भागाला जुनी आहे. म्हणून जबाबदारीही आपली अधिक आहे.

पेशीत काय घडते?

आर्सेनिकचे एक रूप पेशीत शिरते ते पाणी व ग्लिसरॉल यांच्या वाटेने; दुसरे रूप फॉस्फेटसारखे दिसत असल्याने फॉस्फेटच्या दाराने आत येते. पेशीला ते परके म्हणून ओळखता येत नाही, ही पहिली अडचण.

आत गेल्यावर ते प्रथिनांतील गंधकयुक्त अंशांना चिकटते. अन्नापासून ऊर्जा निर्माण करणारी विकरे त्यामुळे मंदावतात आणि ऑक्सिजनचे दाहक कण वाढतात. यकृत त्यावर मेथिल गट चढवून ते मूत्रावाटे बाहेर टाकू पाहते. परंतु या क्रियेच्या मधल्या टप्प्यावर तयार होणारे एक रूप मूळ द्रव्याहूनही तीव्र असते. ही क्रिया प्रत्येक व्यक्तीत सारख्या वेगाने होत नाही, म्हणून एकाच मात्रेने एकाला बाधा होते व दुसऱ्याला होत नाही. ज्याला आपण प्रकृतिभेद व अग्निभेद म्हणून विचारात घेतो, तो विचार येथे सोडून चालणार नाही.

कर्करोगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते पुढे. आर्सेनिक जनुकद्रव्यावर थेट घाव घालण्यापेक्षा त्याची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेला निकामी करते. दुरुस्तीच्या काही प्रथिनांत जस्ताचा अणू खुंटीसारखा बसलेला असतो; आर्सेनिक त्याची जागा घेते आणि प्रथिन निरुपयोगी होते. मग ऊन, तंबाखूचा धूर यांनी रोज होणारे किरकोळ घाव तसेच राहतात व साठत जातात. त्याचबरोबर, कोणते जनुक उघडे ठेवावयाचे व कोणते मिटवावयाचे, हे ठरविणाऱ्या मेथिल खुणाही विस्कळीत होतात. त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय ही या परिणामाची निश्चित स्थाने मानली गेली आहेत. वृक्क, यकृत व पौरुषग्रंथी यांच्याशीही संबंध आढळला आहे. धूम्रपान करणाऱ्यात फुप्फुसाचा धोका विशेष वाढतो.

वीस वर्षांनंतर येणारे बिल

या विषाचा खरा धोका त्याच्या विलंबात आहे. चिली देशातील अँटोफागास्ता शहराला 1958 ते 1970 या काळात एका लिटरमागे सुमारे 860 मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेले नदीचे पाणी मिळत होते. 1970 मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाले आणि प्रमाण झपाट्याने उतरले. परंतु फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढतच गेले. 1990 च्या दशकात त्या प्रदेशातील फुप्फुसाच्या कर्करोगाचा मृत्युदर तुलनेच्या प्रदेशाच्या तिपटीहून अधिक होता. पाणी सुधारून वीस वर्षे उलटली होती.

हे पाण्याचे झाले. औषधाचे उदाहरण पाश्चात्त्य वैद्यकाच्याच इतिहासात आहे. थॉमस फाउलर या इंग्रज वैद्याने 1786 मध्ये आर्सेनिकचे एक द्रावण प्रसृत केले. ज्वर, श्वास, सोरायसिस अशा अनेक विकारांत ते दीडशे वर्षांहून अधिक काळ दिले गेले आणि त्याने गुणही येत असे. 1887-88 च्या सुमारास लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी ते द्रावण दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांत तळहात-तळपाय कठीण होणे व पुढे त्वचेचा कर्करोग होणे यांचे वर्णन केले. तरीही औषध विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू राहिले. देणाऱ्या वैद्याला गुण दिसत होता. कर्करोग दुसऱ्या वैद्याला, दुसऱ्या काळात दिसत होता.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात दूषीविषाचे वर्णन आहे. अल्पवीर्य विष शरीरात वर्षानुवर्षे दबून राहते व अनुकूल कारण मिळताच प्रकट होते, ही ती कल्पना. विलंबाचा विचार आपल्या परंपरेला परका नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

तेच द्रव्य, कर्करोगावर औषध

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चीनमधील हार्बिन येथे झांग टिंगडाँग व सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात पारंपरिक औषधातील सोमल शिरेवाटे देऊन एका विशिष्ट रक्तकर्करोगावर उपचार केले. शांघायमधील संशोधनाने 1990 च्या दशकात त्यास पुष्टी दिली आणि सन 2000 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते मान्य केले. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने याचा यशस्वी वापर करून निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. या रोगात एक विकृत प्रथिन पेशीला परिपक्व होऊ देत नाही; आर्सेनिक त्या प्रथिनाला चिकटते व पेशी ते मोडून टाकते.

आपल्या सभांतून या उदाहरणाचा उल्लेख अभिमानाने होतो. तथापि त्यातून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे नीट पाहावे. तेथे शुद्ध द्रव्य, किलोमागे 0.15 मि.ग्रॅ. अशी मोजलेली मात्रा, ठरलेला कालावधी, हृदयालेख व रक्तातील क्षारांवर सतत लक्ष, आणि एकच निश्चित निदान आहे. सोमल सर्व कर्करोगांवर चालतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. मात्रा, काल व नोंद यांची शिस्त असेल तर विषही औषध होते, एवढाच निघतो.

आपल्या कल्पांचा हिशेब

शुद्ध रासायनिक रूपात सोमलात सुमारे 76 टक्के, मनःशिलेत 70 टक्के व हरताळात 61 टक्के आर्सेनिक असते. पिण्याच्या पाण्याची मर्यादा एका लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दिवसाला दोन लिटर पाण्यातून 20 मायक्रोग्रॅम. आता रसमाणिक्याची 125 मि.ग्रॅ. मात्रा घेऊ. ती सर्व हरताळच धरल्यास तीत 76 मि.ग्रॅ., म्हणजे 76,000 मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते.

हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण गंधकाशी बद्ध आर्सेनिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही व त्याचा मोठा भाग मलावाटे जातो. सोमल मात्र विरघळतो. पण हिशेबापुरते, केवळ एक टक्का शोषला गेला असे धरले, तरी 760 मायक्रोग्रॅम होतात. पाण्याच्या मर्यादेच्या 38 पट. म्हणून एकूण आर्सेनिकपेक्षा विरघळणारे आर्सेनिक किती, हा खरा प्रश्न आहे.

येथे शोधनाचे महत्त्व कळते. हरताळास कोहळ्याच्या रसात व चुन्याच्या निवळीत, सोमलास कारल्याच्या रसात स्वेदन आणि मनःशिलेस आल्याच्या रसाच्या भावना सांगितल्या आहेत. अशुद्ध हरताळाने आयुष्य घटते, ताप व फोड येतात, असा इशाराही ग्रंथांत आहे. खनिजात मिसळलेला सोमलाचा अंश धुण्याने व स्वेदनाने कमी होऊ शकतो. पण प्रत्येक घाण्यात किती उरला, हे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय हरताळ वा मनःशिला हवेत तापविल्यास तिचा सोमल होतो, आणि मनःशिला उजेडात ठेवल्यास पिवळी पडून तिच्यातही सोमलाचा अंश तयार होतो. बरणीचा रंग बदलला असेल तर ती मनःशिला वापरू नये.

निदानातील सापळा

दीर्घकाळ आर्सेनिक घेतलेल्या रुग्णाच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपायांवर खरखरीत कठीण पुटकुळ्या, नखांवर आडव्या पांढऱ्या रेषा व पायांत मुंग्या ही लक्षणे दिसतात. हा रुग्ण आपल्याकडे विपादिका वा कुष्ठ म्हणून येतो, आणि आपण त्यास पुन्हा रसमाणिक्य देण्याची शक्यता असते. विषास औषध समजून तेच वाढविले जाते. म्हणून अशा त्वचेच्या प्रत्येक रुग्णास पूर्वी घेतलेली औषधे, बिननावाच्या पुड्यांसह, विचारावीत. न भरणारा व्रण किंवा एकच लालसर खवल्यांचा डाग असेल तर औषध थांबवून नांदेड वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाकडे तपासणीस पाठवावे. अलीकडचा संपर्क मूत्रात, जुना केस व नखांत कळतो. मूत्रतपासणीपूर्वी काही दिवस मासे वर्ज्य करावेत.

रसशाळेसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या ई-1 या परिशिष्टात ही तिन्ही द्रव्ये विषारी म्हणून नमूद आहेत. अशा पोटात घेण्याच्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. केवळ वनस्पतिज औषधांना आर्सेनिकची 3 पीपीएम ही मर्यादा लावली जाते. रसकल्पांस ती लागू करता येत नाही. नेमके म्हणूनच रसशाळेने आपणहून प्रत्येक घाण्यातील एकूण व विरघळणाऱ्या आर्सेनिकचे प्रमाण प्रयोगशाळेतून तपासून जतन करावे. वनस्पतिज कल्पांसाठी खल, चाळण्या व यंत्रे वेगळी ठेवावीत.

कामगारांचा विचार सर्वांत आधी व्हावा. वालुकायंत्रावर मल्लसिंदूर करताना काचकुपीच्या तोंडातून निघणारा धूर श्वासातून जातो. तांबे वितळविण्याच्या कारखान्यांतील मजुरांत आर्सेनिकच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे अमेरिकेत 1969 मध्येच दाखविले गेले. भट्टी उघड्यावर वा उत्तम धूरमार्गाखाली असावी आणि तेथे विडी ओढू देऊ नये.

रुग्णपत्रिकेतील एक ओळ

बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्या बाजूने शोधनाचे दाखले पुष्कळ दिले गेले. परंतु दीर्घकाळ रसकल्प घेतलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, याच्या नोंदी पुढे ठेवता आल्या असत्या तर ते उत्तर अधिक वजनदार झाले असते.

म्हणून आमची विनंती मर्यादित आहे. आर्सेनिकयुक्त कल्प देताना रुग्णपत्रिकेवर कल्पाचे नाव, रसशाळा, बॅच क्रमांक, मात्रा, आरंभाची व समाप्तीची तारीख एवढे लिहावे. समाप्तीची तारीख औषध सुरू करतानाच ठरवावी. गर्भिणी, स्तनपान करणारी माता, बालक, यकृत व वृक्कविकारी यांना हे कल्प देऊ नयेत. संशयित दुष्परिणाम 2018 पासून सुरू असलेल्या आयुष औषध-सतर्कता केंद्रांकडे कळवावा. आणि ती पत्रिका फेकू नये. रुग्णालाही तिची प्रत द्यावी. वीस वर्षांनी त्याच्या फुप्फुसाची वा मूत्राशयाची तपासणी करणाऱ्या वैद्याला त्या एका ओळीचाच आधार असेल.