ठोका चुकतो म्हणून पाऊल थांबवू नये

आजारी धर्मग्रामस्थांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन जाताना एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते : ‘फादर, हृदयाचे ठोके अनियमित आहेत असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हापासून चालणेच सोडले.’ पुष्कळदा डॉक्टरांनी चालण्यास मनाई केलेली नसते, भीतीने केलेली असते. कालांतराने मिस्सेला येणे थांबते, अंगणात फिरणे थांबते, वजन वाढते आणि माणूस खुर्चीला खिळतो. या भीतीविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ठोके अनियमित होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या सर्रास आढळणाऱ्या आजाराचा येथे विचार करू. आपल्या हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात. निरोगी हृदयात एका ठरावीक ठिकाणाहून निघणारा विद्युत्संदेश सर्व कप्प्यांना क्रमाने आकुंचित करतो. या आजारात अलिंदांत असंख्य संदेश एकाच वेळी धावू लागतात. अलिंदे नीट आकुंचित न होता नुसती थरथरतात आणि नाडी वेडीवाकडी चालते. तेथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. म्हणूनच अनेक रुग्णांना रक्त पातळ ठेवणारे औषध दिले जाते.

अशा हृदयाला व्यायाम सोसेल काय? ऑस्ट्रेलियातील १२० रुग्णांचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या रुग्णांनी सहा महिने तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली आणि घरीही व्यायाम केला. तो हळूहळू वाढवत आठवड्याला साडेतीन तासांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट होते. वर्षाअखेर त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के रुग्णांत आजार पुन्हा उद्भवला नव्हता. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या इतर रुग्णांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. बेताचा व्यायाम या हृदयाचा शत्रू नसून सोबती आहे, हेच यावरून दिसते.

मात्र अतिरेक येथेही बाधतो. स्वीडनमध्ये बर्फावरून ९० किलोमीटर अंतर कापण्याची ‘वासालोपेत’ नावाची शर्यत होते. तिच्या ५० हजारांहून अधिक स्पर्धकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ही शर्यत अनेकदा पूर्ण केली, त्यांच्यात अनियमित ठोक्यांचे प्रमाण अधिक आढळले. तेव्हा खुर्चीही नको आणि शर्यतही नको. मधला मार्ग हवा.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांची भेट अवश्य घ्यावी. ईसीजीबरोबर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, झालेली असावी. आपल्या देशात लहानपणीच्या संधिवाती तापामुळे हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण आजही आढळतात. झडप फार अरुंद असल्यास जोराच्या श्रमाने फुप्फुसात पाणी साचू शकते. अशा रुग्णांनी व्यायामाचे प्रमाण तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे.

प्रारंभ चालण्यापासून करावा. पहिले काही दिवस सपाट रस्त्यावर दहा मिनिटे पुरेत. त्रास न झाल्यास दर आठवड्याला थोडी वाढ करावी आणि डॉक्टरांच्या संमतीने आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोहोचावे. आरंभीची आणि शेवटची पाच मिनिटे चाल मंद ठेवावी. उन्हाच्या वेळी बाहेर पडू नये आणि पाणी पुरेसे प्यावे. ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी ती मर्यादा पाळावी. हलकी वजने उचलण्यास हरकत नाही, पण उचलताना श्वास रोखू नये.

किती वेगाने चालावे, हे नाडीवरून ठरवू नये. या आजारात नाडी एकसारखी नसल्याने मनगटावरील घड्याळही चुकीचा आकडा दाखवू शकते. शिवाय ठोके मंद करणारी औषधे चालू असल्यास वयावरून नाडी काढण्याचे सूत्र लागू पडत नाही. साधी कसोटी अशी : चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाता येऊ नये. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल, तर वेग अधिक झाला असे समजावे.

रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी पडण्या-आपटण्याचा धोका असलेले खेळ टाळावेत. डोक्याला मार लागल्यास वरून जखम दिसत नसली, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. व्यायामाने बरे वाटू लागले म्हणून हे औषध स्वतःहून बंद करणे ही घातक चूक होय.

बसल्या जागीही ठोके फार जलद पडत असतील, ताप असेल किंवा चक्कर येत असेल, त्या दिवशी व्यायाम करू नये. चालताना छातीत दुखले, भोवळ आली किंवा अचानक धाप लागली, तर तिथेच थांबून बसावे. बसूनही आराम न पडल्यास किंवा शुद्ध हरपल्यास मदत बोलवावी. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा जीभ अडखळू लागली, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आमच्या समाजात लग्न आणि सण मद्याविना साजरे होत नाहीत, हे कटू सत्य आहे. मद्याने हा आजार उफाळतो. ते सोडल्यास तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटते. प्रायश्चित्तकाळात उपवासाच्या भरात कुणी औषध वा पाणी वर्ज्य करू नये. आजाऱ्यांवर ख्रिस्तसभा उपवासाचे बंधन घालीत नाही.

संत पौल आपल्या शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर मानतो आणि बेनसिराचा ग्रंथ वैद्याचा मान राखण्यास शिकवतो. मंदिराची निगा राखणे ही देखील उपासनाच आहे. कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, घरातील आजाऱ्याला ‘बसून राहा’ असे सांगण्याऐवजी त्याचा हात धरून त्याच्यासोबत चर्चच्या वाटेवर दहा मिनिटे चालावे. औषध डॉक्टर देतील. सोबत मात्र आपणच द्यावयाची आहे.