अंकलिपीपूर्व वयातील अक्षरचित्रांचे पुस्तक : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

मुलाच्या हाती पहिले पुस्तक केव्हा द्यावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे रूढीने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. मूल तीन-चार वर्षांचे झाले की दसऱ्याला त्याच्याकडून पाटीपूजन करवितात, अंकलिपी आणतात आणि विद्यारंभ होतो. अलीकडे मात्र जाड पुठ्ठ्याच्या पानांची, गोल कोपऱ्यांची अक्षरचित्रांची पुस्तके मराठी घरांत येऊ लागली असून ती सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असतात. ज्या वयात अक्षर शिकणे संभवत नाही त्या वयात अक्षरांचे पुस्तक कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या वयात हे पुस्तक अक्षरज्ञानाचे साधन नसून संभाषणाचे निमित्त होय. एवढे मान्य केले म्हणजे ते कोणी वाचावे आणि कसे वाचावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे निराळी येतात.

१. पुस्तक आणि बालकाचा हात

चित्र हे वस्तूचे चिन्ह आहे, ही जाण जन्मतः नसते. डिलोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांची बालके चित्रातील वस्तू हाताने उचलू पाहत असल्याचे आढळले. अमेरिकेतील बालकांप्रमाणेच आयव्हरी कोस्टमधील बालकांचेही वर्तन असेच होते. एकोणीस महिन्यांच्या सुमारास हे चाचपणे मागे पडून बोट दाखविणे पुढे येते. मधल्या काळात पान ओरबाडणे आणि चावणे हाच बालकाचा वाचनाचा प्रकार असतो.

येथे आपल्या संस्कारांशी थोडा संघर्ष होतो. पोथी वस्त्रात बांधून ठेवणाऱ्या घरात पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करावयाचा असतो, मग ते उष्टे करणे तर दूरच. या आदरभावाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तो बालकाला अनुकरणाने यथाकाळ येतोच. पुठ्ठ्याचे पुस्तक तोपर्यंत खेळणे मानावे व त्याच्या आवाक्यात ठेवावे. फळीवर सुरक्षित राहिलेले पुस्तक त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच होय.

२. वाचणारे कोण?

निनिओ व ब्रूनर यांनी १९७८ मध्ये एका माता-बालकाच्या जोडीचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चित्रे पाहताना आईच्या बोलण्याला एक ठरीव चक्र असल्याचे दिसून आले : ‘बघ’ म्हणून लक्ष वेधणे, ‘हे काय?’ असे विचारणे, नाव सांगणे, आणि बालकाच्या हुंकाराला उत्तर मानून दुजोरा देणे. बालक केवळ ‘ऊं’ म्हणते, पण आई ते बोलणे समजून पुढे जाते. पाळीपाळीने बोलण्याचा हा पहिला पाठ होय. व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांच्या १९८८ च्या प्रयोगात एकवीस ते पस्तीस महिन्यांच्या मुलांच्या पालकांना अधिक प्रश्न विचारण्याची व मुलाचे बोलणे विस्तारून सांगण्याची रीत शिकविली होती. महिनाभरातच त्या मुलांच्या बोलण्यात लक्षणीय वाढ दिसली.

याच्या उलट, छापील अक्षरांकडे मुले जवळजवळ पाहतच नाहीत. इव्हान्स व सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांची दृष्टी पुस्तकावर कोठे खिळते हे मोजले. गोष्ट वाचून दाखविली जात असताना ती बहुतेक सर्व वेळ चित्रांवरच होती. मग वर्षाच्या बालकाची गोष्टच नको.

यातून निघणारा निष्कर्ष आपल्या जिल्ह्याला विशेष महत्त्वाचा आहे. परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठी लिपी वाचता न येणाऱ्या आज्या-पणज्या त्यानंतरही कित्येक घरांत राहिल्या. ‘मला कुठे वाचता येतं?’ म्हणून आजी पुस्तक सुनेकडे सरकविते तेव्हा बालकाचा एक उत्तम वाचक गमावला जातो. चित्रावर बोट ठेवून नाव सांगणे, आवाज काढून दाखविणे, शेतातली हकीकत जोडणे यासाठी अक्षरओळख लागत नाही. तांड्यावरील बंजारा घरात किंवा शहरातील दखनी बोलणाऱ्या घरातही हाच न्याय लावावा. चित्राचे नाव प्रथम घरच्या भाषेत यावे, पुस्तकातले मागाहून.

३. शब्दांच्या निवडीतील एक अडचण

आपल्या अंकलिपीतील शब्द बहुधा असे निवडलेले असतात की आरंभी अकारयुक्त व्यंजन यावे : कमळ, गवत, बदक, मगर. अक्षर शिकविण्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु याचा परिणाम असा की, परभणीच्या बालकाला सर्वांत परिचित असलेले शब्द या चौकटीबाहेर राहतात. कापूस ‘का’ने, गाय ‘गा’ने, बैल ‘बै’ने, तूर ‘तू’ने सुरू होते, ज्वारी आणि म्हैस यांच्या आरंभी तर जोडाक्षरच आहे. हळद, हरभरा, गहू, बकरी एवढे सुदैवाने आत येतात. स्वरांच्या पानांवर ऊस आणि औत भेटतात, पण उखळ आणि ऐरण आता चित्रातच पाहावयाची.

वर्षा-दीड वर्षाच्या बालकाला या चौकटीचे काहीच बंधन नाही. म्हणून छापील शब्दापाशी थांबू नये. गवताच्या चित्रावर गाय आणावी, धरणाच्या चित्रावर जिंतूर तालुक्यातील बालकाला पूर्णेवरचे येलदरी सांगावे.

४. ध्वनी आणि क्रम

आपली वर्णमाला उच्चारस्थानांच्या क्रमाने रचलेली आहे : कंठापासून आरंभ करून ती ओठांशी येते. बालकाची वाटचाल बरीचशी उलट दिशेने होते. याकोबसन यांनी १९४१ मध्ये मांडल्याप्रमाणे ओष्ठ्य व दंत्य व्यंजने बहुधा आधी येतात आणि कंठ्य मागाहून. ‘मामा’ व ‘बाबा’ स्पष्ट म्हणणारे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणते ते यामुळेच. तेव्हा पुस्तक पहिल्या पानापासूनच उघडले पाहिजे असे नाही. प-वर्गाची पाने प्रथम रमवितील, आणि बालक ज्या पानावर हात ठेवील ते पान त्या दिवशीचे पहिले.

चाक आणि चिमणी यांतील ‘च’ एक दिसला तरी उच्चार दोन आहेत. ‘ण’ आणि ‘ळ’ मराठी शब्दाच्या आरंभी येत नाहीत, म्हणून पुस्तकात बाण आणि बाळ येतात. हे बारकावे या वयात शिकवावयाचे नसून केवळ ऐकवावयाचे आहेत. अनेक घरांत ‘पाणी’ हे ‘पानी’ असे उच्चारतात. तेथे आजीचा उच्चार मुलादेखत सुधारीत बसू नये. प्रमाण उच्चारासाठी शाळेची वर्षे पुढे आहेतच.

५. उपसंहार

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाची साधने भोवतालच्या निसर्गातून घेतली. त्यांचे कार्य १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झाले होते. तीच दृष्टी पुठ्ठ्याच्या पुस्तकाला लावावयास हवी. पुस्तक निवडताना झडपा व ओढपट्ट्या यांचा मोह टाळावा. चिओंग व डिलोश यांच्या प्रयोगात सुमारे अडीच-तीन वर्षांची मुले अशा करामतींच्या पुस्तकापेक्षा साध्या पुस्तकातून अक्षरे अधिक शिकली.

परभणी येथील कृषी विद्यापीठात मानव विकास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे येथे एक सुटसुटीत विषय आहे. गोदाकाठच्या आणि पूर्णा-दुधनेच्या खोऱ्यातील घरांत दोन वर्षांच्या आतील बालकांच्या तोंडी प्रथम येणारे शब्द नोंदवावेत, आणि प्रचलित अंकलिपींतील शब्दांशी ते ताडून पाहावेत. अशी यादी हाती आली म्हणजे कापूस, ज्वारी आणि म्हैस यांना जागा देणारे पुस्तक करता येईल. तोपर्यंत आहे तेच पुस्तक आजीच्या मांडीवर उघडावे. अक्षरे आपल्या वेळी येतील. बोलण्याची वेळ मात्र हीच आहे.