जुन्या जीपमधली ऊब

पौषातली पहाट. पांढरकवड्याहून यवतमाळला जुन्या जीपने निघालो, की हातपाय गारठतात. ऊब कशी आणावी?

आधी ताडपत्रीच्या फटी बुजवा. मग हीटर पाहा. इंजिनातले तापलेले पाणी हीटरच्या नळ्यांतून फिरते. पंखा त्यांवरून वारा सोडतो. तोच गरम वारा आत येतो.

थर्मोस्टॅट नावाची झडप पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवते. कुणी ती काढली असेल, तर पाणी कोमटच राहते. ती बसवून घ्या.

पण बाबांनो, गाडीत शेगडी पेटवू नका. धुराची नळी फुटकी नाही ना, तेही पाहा. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. तो झोपेतच जीव घेतो. डोके जड झाले, की गाडी थांबवा, लगेच मोकळ्या हवेत या.