टोचणारा निघून गेल्यावर

कान टोचायला क्षणभर पुरतो. जखम भरायला मात्र पाळीत सहा ते आठ आठवडे लागतात, नाकपुडीत साधारण चार ते सहा महिने, आणि कानाच्या वरच्या कडेला किंवा बेंबीला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत. आपल्याकडे चर्चा होते ती टोचण्याची: मुहूर्त कोणता, सोनार कोण, तार केवढी जाड. पुढचे महिने घरातल्या सल्ल्यांवर सोडलेले असतात, आणि प्रत्येक सल्ल्यात काहीतरी करायला सांगितलेलं असतं. खोबरेल लावा, हळद लावा, स्पिरिटने पुसा, तार रोज फिरवा. माझ्या मते यातलं बहुतेक न केलेलंच बरं.

टोचल्यावर शरीर त्या छिद्राच्या आत नवी त्वचा तयार करू लागतं. ती दोन्ही टोकांकडून आत सरकत जाते. त्यामुळे बाहेरून कान बरा दिसू लागतो तेव्हाही मधला भाग कच्चाच असतो. कडेला वाळलेली पांढरट-पिवळी खपली बहुधा पू नसते, जखमेतून पाझरलेला द्रव सुकलेला असतो. तार फिरवली की ही खपली आत ओढली जाते आणि कोवळी त्वचा सोलवटते. ‘फिरवली नाही तर चिकटेल’ ही भीती अनाठायी आहे.

फिरवण्याची आणि तेलाची सवय नेमकी कुठून आली हे सांगणं कठीण, पण तेलाची परंपरा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कर्णवेधावर आहे. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की पाळी उन्हाकडे धरून प्रकाश आरपार दिसेल तिथे टोचावं, मुलाचा आधी उजवा कान आणि मुलीचा डावा, असं त्यात सांगितलं आहे. चुकीच्या जागी टोचलं तर दुखावणाऱ्या तीन शिरांची नावंही दिली आहेत. त्यानंतर तेल, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड वात. पण तिथे छिद्र हळूहळू मोठं करायचं होतं. आपल्याला चमकीपुरतं भोक हवं असतं, मग तो उपचार अर्धवट उचलण्यात काय हशील? त्याच अध्यायात फाटलेली पाळी सांधायचे पंधरा प्रकार आहेत, यावरून मोठ्या भोकांचं पुढे काय होई तेही कळतं.

मग करायचं काय? हात साबणाने धुवून दिवसातून एक-दोनदा औषधाच्या दुकानात मिळणारं निर्जंतुक नॉर्मल सलाईन लावायचं, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी. खपली भिजून आपोआप सुटली तर टिपून घ्यायची, नखाने उकरायची नाही. मग कागदी रुमालाने कोरडं करायचं, कारण टॉवेलचे धागे अडकतात. घरी चमच्याने केलेलं मिठाचं पाणी बहुधा जास्त खारट होतं आणि झोंबतं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साईड जंतूंबरोबर नव्या पेशींनाही इजा करतात. तेलाचा थर मळ धरून ठेवतो. हळदीत जंतूंना रोखणारे गुण असतील, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. दिवाळीत तर पंचाईतच: अभ्यंगाचं तेल, उटण्याचा रवाळ चुरा, वर अत्तर. टोचलेली जागा यातून तेवढी वगळायची आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवायची. ओढणी, हेल्मेट आणि मोबाईल यांनाही जपायचं, आणि त्या कुशीवर झोपायचं नाही.

कानाच्या वरच्या भागाची गोष्ट वेगळी. बुगडी आणि भिकबाळी याच भागातली, तेव्हा आपल्याला हे टोचणं नवं नाही. पण तिथल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या आवरणातून जेवढं पोषण झिरपेल तेवढ्यावर ती जगते, म्हणून जखम सावकाश भरते आणि संसर्ग झाला तर लवकर आटोक्यात येत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २००० साली एका विक्रीच्या टपरीवर कानाचा वरचा भाग टोचून घेतलेल्यांपैकी ७ जणांना स्यूडोमोनास जंतूचा संसर्ग झाल्याचं निश्चित झालं. जंतू सापडला चक्क जंतुनाशकाच्या बाटलीत. त्या सातही जणांचे कान स्प्रिंगच्या बंदुकीने टोचलेले होते. बंदूक बोथट टोकाची कुडी दाबाने आत घुसवते, त्यात कूर्चा चेचली जाते. शिवाय प्लास्टिकची बंदूक वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही. वरचा कान एकदाच वापरायच्या पोकळ सुईनेच टोचून घ्यावा.

धातूचंही पाहावं. स्वस्त कुड्यांतल्या निकेलने अनेकांना खाज आणि पुरळ येतं. टायटेनियम चांगलं, चोख कारागिरीचं सोनंही चालतं. सुरुवातीला दांडी थोडी लांब असावी, नाहीतर सूज आली की फिरकी मांसात रुतते.

थोडी लाली, ठणका आणि सूज पहिले काही दिवस असतेच. लाली पसरत गेली, जागा गरम लागली, हिरवट पू आला किंवा ताप चढला तर डॉक्टरकडे जायचं. वरचा कान सुजून तांबडा झाला आणि हात लावताच कळ आली तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, कारण कूर्चा गळली तर कानाचा आकार कायमचा बिघडतो. मनानेच दागिना काढून टाकू नये. भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. छिद्राशेजारी आलेली बारीक गाठ बहुधा घर्षणाची असते आणि ओढाताण थांबली की बसते. जखमेची हद्द ओलांडून वाढत जाणारी गाठ मात्र केलॉइड असू शकते. घरात कुणाला असा त्रास असेल तर टोचण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञाला विचारावं.

आणि पाडव्याला घेतलेली मोत्यांची भरगच्च नथ? नाक टोचून सहा महिने झाले नसतील तर तिचं वजन कच्च्या भोकाला खाली ओढत राहतं. या वर्षी दाबाची नथ घालावी, तीही दुसऱ्या नाकपुडीत.