यंत्राने न पाहिलेली त्वचा
(लेखमाला : यंत्र आणि वैद्य, भाग ७)

गेल्या आठवड्यात छातीचा एक्स-रे वाचणारे यंत्र पाहिले. आज त्वचेच्या कर्करोगाकडे वळू.

2017 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. संगणकाला 1,29,450 छायाचित्रांवर शिकवले आणि 21 त्वचारोगतज्ज्ञांबरोबर परीक्षेला बसवले. घातक डाग ओळखण्यात तो त्यांच्या तोडीचा ठरला. असे यंत्र नियम पाठ करत नाही. ‘हा कर्करोग, हा साधा तीळ’ असे उत्तर जोडलेले हजारो फोटो पाहून रंग, कडा, पोत यांतले फरक ते आपले आपण टिपते. त्यात नको तेही शिकते. संशय आलेल्या डागाशेजारी डॉक्टर मोजपट्टी धरून फोटो काढतात. पुढे स्टॅनफर्डच्याच मंडळींना आढळले की मोजपट्टी दिसली की यंत्राचा कल कर्करोगाकडे झुकतो.

म्हणजे त्याला काय दाखवले, यावर सगळे आले. ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मधल्या एका पाहणीत सर्वांना खुल्या असलेल्या 21 संग्रहांतले लाखावर फोटो तपासले गेले. त्वचेचा वर्ण नोंदलेले 2,436च निघाले. त्यांत तपकिरी त्वचेचे 10, गडद तपकिरी किंवा काळ्या त्वचेचा 1. उत्तर कर्नाटकातल्या भालकीच्या किंवा आळंदच्या बाजारात भेटणारी बहुतेक माणसे या अकरा फोटोंतल्या वर्णाची.

आपल्या त्वचेतले रंगद्रव्य उन्हापासून बरेच राखते, म्हणून हा रोग इथे कमी. पण होतो तो बऱ्याचदा वेगळ्याच जागी: तळपायावर, नखाखाली, भाजल्याच्या जुन्या व्रणावर, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाच्या न भरणाऱ्या जखमेत. पाण्यातल्या आर्सेनिकमुळेही होतो. याचे उदाहरण यादगीर जिल्ह्याच्या सुरपूर तालुक्यातला किरदळ्ळी तांडा. जुन्या सोन्याच्या खाणींचा हा पट्टा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या परिसरातील 59 कूपनलिकांपैकी 79 टक्क्यांच्या पाण्यात आर्सेनिक लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. तपासलेल्या 181 जणांपैकी 58.6 टक्क्यांच्या त्वचेवर त्याच्या खुणा होत्या. तळहात-तळपाय जाड, खरखरीत होतात, अंगावर ठिपके उठतात आणि काही वर्षांनी तिथेच कर्करोग धरू शकतो. कोयत्या-खुरप्याने पडलेले घट्टे कोणते आणि हे कोणते, हे गोऱ्या त्वचेचे तीळ पाहून शिकलेल्या यंत्राला कुठून कळणार?

तरीही यंत्र इथे हवे, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे खरा उशीर तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यात होतो. दुखत नाही म्हणून डाग कोणी दाखवत नाही, आणि तुरीच्या काढणीत मजुरी बुडवून दवाखाना कोण गाठणार? गावच्या उपकेंद्रात फोनवर काढलेल्या फोटोंपैकी कोणता आधी तज्ज्ञाकडे जावा, एवढे यंत्राने सांगितले तरी फार वेळ वाचेल. निदान पक्के करायला बायोप्सी, म्हणजे डागाचा तुकडा काढून तपासणी, लागणारच. कलबुर्गीत किदवई कर्करोग संस्थेचे केंद्र आहे, बीदरला ‘ब्रिम्स’ हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी रुग्णाची संमती घेऊन, नाव आणि चेहरा वगळून, बायोप्सीच्या निकालासह फोटो साठवायला हवेत; तळपायांचे आणि जुन्या जखमांचे सगळ्यात आधी.

तोवर फोनवरच्या ॲपने ‘साधा डाग’ म्हटले, तरी महिनाभर न भरलेली जखम, भाजल्याच्या व्रणावर आलेली गाठ किंवा तळपायावर पसरणारा काळा डाग डॉक्टरांना दाखवाच.

(पुढील भागात : डोळ्याचा पडदा आणि मधुमेह)