खेळ कुणाचा, बोल कुणाचे?

आमच्या वर्गातल्या मुलांना व्हिडिओ गेम खेळण्याइतकाच दुसऱ्याचा खेळ यूट्यूबवर पाहण्याचा नाद! खेळणारा खेळता खेळता जे बोलतो, त्यातच खरी गंमत, असे ती सांगतात. २०१३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने अशा अनेक चित्रफितींवर हक्क सांगून जाहिरातींचे उत्पन्न आपल्याकडे वळवले. खेळ तिचा, हे खरेच. पण आख्यान जुने असले तरी कीर्तनाला रंग भरतात ते बुवाच ना? कंपनीलाही ते पटले असावे. २०१५ साली तिने उत्पन्नाच्या वाटणीची योजना काढली. २०१८ साली ती मोडीत काढून, स्वतःची भर घालणाऱ्यांना नियमांत राहून कमाईची मुभा दिली.

पण हक्क मिळाला तरी लेखन टिकेलच असे नाही. २००९ च्या ऑक्टोबरात याहूने अमेरिकेतील ‘जिओसिटीज’ बंद केले. सामान्य माणसांनी हौसेने सजवलेली असंख्य पाने तिथे होती. स्वयंसेवकांनी धावपळ करून हाती लागली तेवढी उतरवून घेतली.

मूळ ‘लीळाचरित्र’ धामधुमीत हरवले आणि महानुभावांनी ते आठवणीतून पुन्हा जुळवले, असे परंपरा सांगते. वाचकहो, आपली स्मरणशक्ती तेवढी दांडगी नाही. तेव्हा परक्याच्या ओसरीवर ठेवलेल्या लेखनाची एक प्रत आपल्या घरीही असू द्या!