शीर सापडली, पुढे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावच्या उन्हाळ्यात शीर सापडत नाही. मे महिन्याच्या दुपारी शेतातून उचलून आणलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी आटलेलं असतं, शिरा चपट्या होऊन आत दडून बसतात. अशा वेळी हात पलंगाखाली लोंबता ठेवायचा, गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाचेक मिनिटं गुंडाळायचं, मूठ उघड-मीट करायला सांगायचं आणि मग डोळे बाजूला ठेवून बोटाच्या टोकानं शोधायचं. शीर दाबली की उसळून वर येते. कंडरा नुसती ताठ राहते. हे मला १९८६ साली एका थोरल्या सिस्टरांनी शिकवलं. २०२१ साली निवृत्त झाले तेव्हा नव्या मुलींना मी हेच शिकवत होते. बाकी सगळं बदललं.

मी नर्स म्हणून लागले तेव्हा सुया उकळायच्या. काचेच्या सिरिंज आणि पोलादी सुया सकाळी स्टरलायझरमध्ये जायच्या. त्याआधी प्रत्येक सुई कापसातून ओढून बघायची. धागा अडकला म्हणजे टोक वाकलंय, मग धारेच्या दगडावर घासायची. सलाईनच्या बाटल्याही काचेच्या, रबरी बुचाच्या. बुचात दोन सुया: एक सेटची, एक हवेची. हवेची सुई विसरली की थेंब थांबायचे आणि नवी मुलगी घाबरून रुग्णाचा हात चाचपत बसायची. दोष बाटलीत, शोध हातात!

पोलादी सुई शिरेतच ठेवावी लागायची. रुग्णानं कूस बदलली की टोक शिरेतून पार, म्हणून हात लाकडी फळीला बांधलेला. मग पंखांची स्कॅल्प व्हेन सुई आली, आणि नव्वदच्या दशकात इंट्राकॅथ. हे खरं तर एका कंपनीच्या मालाचं नाव, पण डालड्यासारखं वस्तूलाच चिकटलं. सुईवर चढवलेली प्लॅस्टिकची नळी शिरेत सोडून सुई काढून घ्यायची, ही युक्ती १९५० साली अमेरिकेत, मेयो क्लिनिकमधल्या डेव्हिड मासा नावाच्या शिकाऊ डॉक्टरनं केली. आमच्या वॉर्डात ती पोचायला चाळीसेक वर्षं गेली.

नळी घालण्यातली खोच एकाच ठिकाणी आहे. सुईचं तिरकं तोंड वर, कातडी डाव्या अंगठ्यानं ताणलेली, कोन पंधरा ते तीस अंशांचा. मागच्या पारदर्शक कुपीत रक्त दिसलं की नवखी मुलगी हरखते आणि तिथंच चुकते. सुईचं टोक नळीच्या पुढे असतं. रक्त आलं म्हणजे टोक शिरेत गेलं, नळी अजून बाहेरच. कोन उतरवून सुई किंचित पुढे न्यायची, मग सुई जागेवर धरून नुसती नळी सरकवायची. आणि एकदा मागे घेतलेली सुई पुन्हा नळीत घालायची नाही, कारण नळी कापली जाऊन तुकडा शिरेत वाहून जाऊ शकतो.

रंग पाठ होतात: अठरा नंबर हिरवी, वीस गुलाबी, बावीस निळी, चोवीस पिवळी. नंबर वाढला की नळी बारीक. रक्तस्राव होणारी बाळंतीण आली की हिरवी, तान्ह्या बाळाला पिवळी.

पण पुस्तकात आमच्या तालुक्याचे हात नसतात. कापसाच्या वेचणीनं चिरलेले, उन्हानं रापलेले, कातडी जाड झालेली. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बंजारा बायांच्या दंडात पांढऱ्या बांगड्यांची चळत असायची, बांगड्या उतरवायला त्या तयार नसत आणि मीही आग्रह धरत नसे. मग शीर फुगवायचा पट्टा कोपराखाली बांधायचा आणि मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला शीर बघायची. पट्टा म्हणजे पुष्कळदा हातमोज्याची कापलेली पट्टीच. लेकराच्या हाताला फळी करायची तर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापायचा, त्यावर कापूस आणि बँडेज.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे सलाईन हे औषध नसून टॉनिक समजलं जातं. “बाई, लय कमजोरी आली वो, ताकतीची एक बाटली लावून द्या ना मले.” पस्तीस वर्षं हे ऐकलं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे १०० कॅलरीच्या आत-बाहेर. एका ज्वारीच्या भाकरीत याहून जास्त ताकद आहे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, बस्स. पण खाजगीत बाटली टांगली की डॉक्टर ‘चांगला’ ठरतो, न टांगणारा ‘काही करत नाही’. यात नुकसान पैशाचंच नाही. विनाकारण टोचलेली प्रत्येक सुई जंतूंना आत यायला एक दार उघडते, आणि खरी वेळ येते तेव्हा ती शीर कामातून गेलेली असते.

पावसाळ्यात हगवण-उलटीची साथ आली की पिऊ शकणाऱ्याला ओआरएस पाजायचं, हे बंगालच्या सीमेवर बनगावात दिलीप महालनबीस यांनी १९७१ च्या निर्वासितांच्या छावणीत, पटकीच्या साथीत सिद्ध केलेलं आहे. सलाईन संपत आल्यावर त्यांनी साखर-मीठ-सोड्याचं पाणी पिंपांतून वाटलं. २०२३ च्या जुलैत आपल्या तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली; मी तेव्हा घरी बसलेली, पण मन पहिलं ओआरएसच्या पाकिटांकडेच गेलं.

शिरेतून खारं पाणी देण्याची सुरुवातही पटकीतच झाली. १८३२ साली स्कॉटलंडच्या लीथ गावात टॉमस लाट्टा या डॉक्टरनं मरणाच्या दारातल्या एका म्हातारीला सहा पिंट, तीनेक लिटर, पाणी चढवलं. अर्ध्या तासात तिच्या चेहऱ्यावर जान आली, नाडी लागली. दमलेला लाट्टा तिला दुसऱ्या डॉक्टरवर सोपवून गेला. जुलाब परत सुरू झाले, पाणी मात्र कुणी परत चढवलं नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली. मी ही हकीकत प्रत्येक बॅचला सांगायची. लाईन, म्हणजे शिरेतली नळी, लावणाऱ्याचं नाव होतं, राखणाऱ्याच्या हाती माणूस असतो.

राखणं म्हणजे काय? थेंब मोजणं. वीस थेंबांना एक मिलिलिटर असा सेट असेल तर ५०० ची बाटली आठ तासांत जायला मिनिटाला एकवीस थेंब. लेकरांच्या मायक्रो सेटला साठ थेंबांचा एक मिलिलिटर, त्यामुळे मिनिटाला जितके थेंब, तासाला तितके मिलिलिटर. हिशेबच नको. इंजेक्शन देण्याआधी नळीचं तोंड स्पिरिटनं घासून वाळू द्यायचं, दिल्यावर थोडं सलाईन सोडून नळी धुवायची. बाटली संपली की नातेवाईक ओरडतात, “सिस्टर, हवा शिरन!” हवा सहसा शिरत नाही, पाणी नळीत थांबतं, रक्त मागे येऊन गोठतं आणि लाईन बंद पडते. मग ती सिरिंजनं जोर लावून उघडायची नाही.

एक चूक सांगते, दवाखान्याचं नाव नको. नोकरीच्या सुरुवातीला एका दीड वर्षाच्या पोराची लाईन निघू नये म्हणून मी बोटांपर्यंत घट्ट बँडेज गुंडाळलं होतं. रात्रभर ते रडत होतं, मला वाटलं तापानं. सकाळी सोडलं तर हात मनगटापासून कोपरापर्यंत टम्म फुगलेला, गार. लाईन आऊट झालेली आणि पाणी मांसात गेलेलं. साधं सलाईन होतं म्हणून दोन दिवसांत ओसरलं. पोटॅशियम किंवा कॅल्शियम असतं तर कातडी जळाली असती. तेव्हापासून सुईच्या वरची जागा आणि बोटांची टोकं उघडी ठेवल्याशिवाय मी पट्टी बांधली नाही.

आम्हाला नियम होता: ७२ तास झाले की लाईन बदला, दुखत असो-नसो. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ३,२८३ रुग्णांचा अभ्यास आला. ठरल्या दिवशी बदललेल्या आणि गरज पडल्यावरच बदललेल्या, दोन्हींत शीर सुजण्याचं प्रमाण सारखंच, सात टक्के. शहाणा निष्कर्ष आहे. पण ‘गरज पडल्यावर’ या शब्दांत प्रत्येक पाळीत कुणीतरी प्रत्येक हात बघतंय हे गृहीत धरलंय. रात्री तीस रुग्णांना एक सिस्टर असेल तिथं मी ७२ तासांच्याच बाजूची.

२०१७ च्या हंगामाचं सांगायलाच हवं. कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण गेले. घामानं निथळणारी, तोंडातून लाळ गळणारी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेली माणसं. आधी कपडे काढून साबणानं अंग धुवायचं, मग दोन लाईन, आणि उतारा म्हणून अॅट्रोपिन. घामामुळे चिकटपट्टी टिकायची नाही. अॅट्रोपिन चढलं की माणूस बरळायला लागायचा आणि नळ्या उपसायचा. शेवटी रोलर बँडेज, आणि पायथ्याशी एक भाऊ नाहीतर चुलता बसवलेला. पुढे आर्णीमार्गे यवतमाळच्या मेडिकल कॉलेजपर्यंत १०८ च्या गाडीत लाईन टिकली पाहिजे, एवढंच डोक्यात.

कोविडात दोन-दोन हातमोज्यांतून शीर लागेना आणि गॉगलवर वाफ. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय.

तुमच्या घरचं कुणी दवाखान्यात असेल तर पट्टीवर लाईन लावल्याची तारीख आहे का बघा, नसेल तर लिहून मागा. दर दोन तासांनी हात बघा: लाल आहे का, गरम आहे का, फुगलाय का. शिरेतून जाणारं औषध बंद झालं असेल तर लाईन काढायला सांगा. आणि रुग्ण हात दुखतो म्हणाला तर सिस्टरांना रात्री दोन वाजताही बोलवा. ओरडल्या तर ओरडू द्या. मीही ओरडायची, पण उठून बघायची.